नमुना क्रमांक एकेचाळीस

म्हशीच्या नाकात कापसाची काडी घालायची
तर आधी तिच्याशी बोलावं लागतं.
हे पुण्याच्या प्रशिक्षणात कुणी सांगितलं नव्हतं.
तिथे पडद्यावर हरणं होती, परदेशातली,
मिंक नावाचं मुंगसासारखं काहीतरी,
प्राणिसंग्रहालयातले खोकणारे सिंह.
माणसाकडून गेला त्यांच्यात, सर म्हणाले,
आणि मिंककडून परत माणसात आला.
गाई-म्हशींत फारसा रुजत नाही.
तरी बघून या.

म्हणून मी बघत फिरते.
चोपड्याच्या पुढे, तापीच्या अलीकडे,
मे महिना, स्कूटीवर पायाशी बर्फाचा डबा,
पुढे केळीचा ट्रक, मागे फक्त धुरळा.
अकरा गावं, साठ जनावरं, चार मांजरं
(मांजरांचं उत्तर माझ्या मनगटावर आहे अजून).

बेबाबाईंच्या गोठ्यात सरकीच्या ढेपेचा वास.
भोरी नावाची म्हैस,
कानात पिवळा बिल्ला, बारा आकडी.
मी काडी फिरवली. मानेची शीर चाचपली. रक्त घेतलं.
बाई खांबाला टेकून बघत होत्या.
"तिन्हा नाकमा काय धुंडी ऱ्हायनी वं माय?"

मी सांगितलं, जमेल तसं.
की तो आजार जनावरांतही गेला का, ते बघतोय.
रक्त विसरत नाही लवकर,
आलेल्याची खूण ठेवतं.

त्या गप्प.
मग म्हणाल्या, "मन्हा मालक आठेच व्हता."

उखर्डू.
आधीची तीन गेली म्हणून
जन्मताच उकिरड्यावर ठेवून उचललेलं पोर,
मरणाला वाटावं, हे टाकलेलंच आहे.
बावन्न वर्षं फसलं मरण.

"घरमा एकच खोली. नातू ल्हाना.
तो म्हने, मी गोठामा निजस.
आठ रात निजना.
आम्ही ताट दूरथीन सरकाडूत, काठीवरी.
हिन्ही जीभ मातर त्याना हातवर.
तो तिले हाकले बी नही."

नवव्या दिवशी जळगावचं सिव्हिल.
मग प्लास्टिक, आणि तोंडही न दाखवता
जे काही केलं असेल ते.

मी बाटलीवर लिहिलं: एक्केचाळीस.
फॉर्मवर रकाना होता, "बाधिताशी संपर्क: होय / नाही".
होय वर खूण केली.
किती, कसा, याला जागा नव्हती.

निकाल दिवाळीनंतर आला.
साठांतली एकोणसाठ कोरी.
एक्केचाळीस: संशयास्पद.
खाली बारीक अक्षरांत,
वासरांना हगवण लावणारा एक जुना विषाणू असतो,
याच कुळातला, गोठ्यागोठ्यात असतो,
त्याची खूण अशीच दिसू शकते.
पुन्हा तपासायला नमुना शिल्लक नाही.

मी टपालाने पाठवू शकले असते.
गेले. थंडी पडली होती, तुरी फुलल्या होत्या.
भोरीनं मला ओळखलं, किंवा माझ्या डब्याला,
आणि मान फिरवली.

"मंग? व्हतं का नही व्हतं?"
सांगता येत नाही, बाई.
असेलही. किंवा ते हगवणीचं असेल.
"इतलं रगत लिन्हं तरी?"
इतकं घेतलं तरी.

त्यांनी चहा ठेवला. भोरीचंच दूध, दाट.
साय बशीत काढून नातवाला दिली.
मग कागद मागितला.
मी म्हटलं, याचा कशालाच उपयोग नाही,
ना अनुदानाला, ना विम्याला.
"माहीत शे," म्हणाल्या.
रेशन कार्डाच्या पिशवीची गाठ सोडली,
मृत्यूच्या दाखल्यामागे घडी करून ठेवला,
आणि पुन्हा पिशवी उघडून
दाखल्याच्या पुढे.

परतताना अडावदच्या फाट्यावर
हातमोजे सापडले खिशात, न वापरलेले.
गोठ्यात शिरताना घालायचे असतात.
डाव्या तळव्यावर खरखरीत काही वाळलं होतं.
मान फिरवली असं मी लिहिलं वर,
पण ती आधी.
निघताना तिनं हात चाटला होता,
आणि मी तो काढून घेतला नव्हता.