पीळ

वीज मंडळाच्या लिलावात बाबांनी घेतलेली सुमो.
तिच्या टपावर तेव्हा शिडी असायची,
दोन आडव्या दांड्या, पन्हळीला चावून बसलेल्या.
शिडीला तेवढं पुरे.
शिडी सपाट झोपते, कुणाशी भांडत नाही.

कयाकचं तसं नाही.
मधे फुगीर, दोन्ही टोकांना हट्टी.
दोन ठेवल्या की टप संपतो
आणि मला न्यायच्या होत्या चार,
इंदूरहून महेश्वरला, सहस्रधारेपर्यंत:
मृणालची निळी,
ढोबळ्यांच्या जुळ्यांच्या दोन पिवळ्या,
आणि पोटाला रेझिनचं ठिगळ लावलेली ती,
जिच्यात कोण बसणार ते कुणी ठरवलं नव्हतं.

बाबांची अट एकच.
"टपाला भोक पडता कामा नये."
एवढं बोलून ते गॅलरीत गेले
आणि तीन दिवस खाली आले नाहीत.

पालद्याच्या शेडमध्ये रहमतभाईने नावा पाहिल्या,
टप पाहिला, बिडी विझवली.
"लिटाओ मत, बैनजी. खड़ी करो."
मला आईचं ताटाळं आठवलं,
कडेवर उभी ताटं, एकमेकींना न खरवडता.
मग दोन दांड्यांच्या झाल्या तीन,
वजन सहा पायांवर वाटलं गेलं,
मधोमध सव्वा इंची चौकोनी पाइपचे खांब,
खांबांना सायकलच्या ट्यूबची कातडी,
खाली आमच्या जुन्या गादीचा काथ्या.

त्याच्या टेपचे पहिले चार इंच तुटलेले.
प्रत्येक मापात तो चार मिळवायचा, मनातल्या मनात.
एकदा विसरला.
म्हणून मागचा खांब चार इंच बुटका आहे.
त्याने माझ्याकडे पाहिलं, मी घड्याळाकडे.
राहिला तसाच.

रविवारी पहाटे निघालो.
राऊपर्यंत सगळं गप्प.
साठच्या पुढे काटा गेला
आणि टपावर कुणीतरी तंबोरा छेडला,
न जुळलेला, एकच तार,
दातांत उतरणारी.
जुळे आधी हसले, मग कान झाकले.
महूला पट्टे आवळले. सूर चढला.
आणखी आवळले. आणखी चढला.

शेवटी मृणालने आजोबांना फोन लावला
आणि काही न बोलता
तो चालत्या गाडीच्या खिडकीबाहेर धरला.

बाबांनी ऐकलं. पूर्ण ऐकलं.
"पट्टा सपाट बांधलाय तिने," ते म्हणाले,
"वारा वाजवतोय त्याला. एक पीळ द्या.
शिडीच्या वेळी दोन वर्षं ऐकलाय मी हा सूर."

आई त्यांना म्हणायची,
सुंभ जळेल, पण पीळ जायचा नाही.
जाम गेटपाशी गाडी थांबवून
मी चारही पट्टे सोडले
आणि प्रत्येकाला एकेक पीळ दिला,
साधा, अर्धा,
वेणी घालताना पहिल्या पेडाला देतात तेवढा.

घाटभर कुणी बोललं नाही.
बोलायची गरज नसलेली ती शांतता
आमच्या घरात फार वेळा झालेली नाही.

सहस्रधारेला मुलांनी आपापल्या नावा ओढून नेल्या.
चौथी वाळूत उताणी पडून होती.
तासाभराने मीच बसले तिच्यात.
दहा मिनिटांत दोनदा उलटले,
नाकातोंडात नर्मदा, एक चप्पल गेली,
काठावरचा नावाडी म्हणाला, "कमर से, हाथ से नहीं,"
आणि मी ऐकलं नाही.

रात्री परतलो तेव्हा बाबा खाली उभे होते, बॅटरी घेऊन.
गाडीभोवती एक फेरी मारली.
पन्हळ पाहिली, भोक शोधलं, नव्हतं.
बुटक्या खांबावर तळवा ठेवला.
"हा असा का?"
"राहिला."
"हं."

सकाळी पाहिलं तर टपावर खडूची रेघ.
बाबा स्टुलावर उभे, हातात अख्खा टेप,
पहिल्या इंचापासूनचा.
"डावीकडे सोळा इंच मोकळे आहेत," म्हणाले,
माझ्याकडे न बघता.
"पाचवी बसेल."