नाक, बाजूने

आमच्याकडे रास म्हणजे मळणीनंतरचा ढीग.
इथं रास म्हणजे डोकं,
असं रिसेप्शनवरच्या हमदाननं पहिल्याच आठवड्यात सांगितलं.
तेव्हापासून रास अल खैमात
रात्रपाळीला मी डोकीच धरतो.

आज सव्वादोनला सिराजुल आला,
सिमेंटच्या कारखान्यातला, नाकात कापूस,
बनियनवर वाळलेला ओघळ.
फॉर्मवर कारण : बाथरूममध्ये घसरला.
मागे त्याच्या चपला हातात घेऊन मुरुगेसन,
त्याच्याच खोलीतला, वरच्या बंकवरचा.
मुरुगेसनची उजवी मूठ सुजली होती.
मी पाहिली.
मुठीचा फोटो कुणी मागितला नव्हता.

बस. सरळ. आता मान वळव.
एवढी नाही.
माणूस कितीही नीट बसवा,
मान जराशी कलतेच,
मागून कुणी हाक मारल्यासारखी.
मी दोन बोटं हनुवटीखाली घालतो, तळवा कानामागे,
आणि दोन्ही बाहुल्यांना जोडणारी रेघ मनात ओढतो.
ती प्लेटला काटकोनात हवी.
केसभर चुकली की
डोळ्याची एक खोबण दोन दिसते.

उजेडाची फुली भुवयांच्या बेचक्यापासून बोटभर खाली.
नाकाला किरण कमी लागतात.
कवटीच्या हिशेबानं सोडले तर
नाक जळून जातं, काळ्यात काळं,
आणि डॉक्टर विचारतात, नाक कुठंय?
मिरजेला घोडके सर सांगायचे,
पातळ हाडाला हळू विचारायचं.

हिलना मत.
तो तोंडानं श्वास घेत होता. तोही थांबला.
पहिला फोटो भिंतीकडं बघत.
भिंतीवर मागच्या वर्षीचं कॅलेंडर, लाकडी होडीचं.

दुसऱ्या बाजूसाठी तोंड इकडं फिरवलं.
इकडं काच.
काचेमागं मी, आणि माझ्या खांद्याशी
कधी येऊन उभा राहिला कळलंच नाही
तो मुरुगेसन.
हिलना मत, मी म्हणालो,
आणि दोघंही हलेनात.

सेकंदाचा दहावा भाग, तेवढंच काम.
बटण दाबून झालं होतं.
झालं, असं मी लगेच बोललो नाही.

मग मुरुगेसन, माझ्याकडं न बघता :
भाई, एसी थोडा कम करो.
उसको ठंडी लगती है.

डिस्प्लेवर अठरा होते.
तेव्हा मला कळलं
बाथरूममध्ये कोण कसं घसरलं ते.
मशीनला गार लागतं, मी म्हणालो,
माझ्या हातात नाही.
तो म्हणाला, हां,
आणि काचेवरचा हात काढून घेतला.

स्क्रीनवर मुळापाशी एक चीर,
पापणीच्या केसाएवढी. हाड सरकलेलं नाही.
कुणी मारलं हे हाडात उमटत नाही;
लागलं, एवढंच.

बाहेर हमदानला भेटायला त्याचा मामा आला होता,
इतक्या रात्री, मुलाच्या तापाचं औषध न्यायला.
दोघांनी रीतीप्रमाणे नाकाला नाक लावलं,
एकदा, दोनदा.
ते पाहून सिराजुलनं घाईघाईनं
आपल्या नाकावर पंजा धरला.

मुरुगेसनला हसू फुटलं.
आणि हसलेलं चालेल का,
असं त्यानं सिराजुलकडं पाहिलं.

चपला अजून त्याच्याच हातात होत्या.