अर्धा अंश

हिंगणा रोडच्या शेडमध्ये मे महिन्यात
कूलर बंद ठेवावा लागतो.
वाऱ्याने ज्योत हलते, पितळ भलतीकडे पळतं.
बनियन पिळून पुन्हा घालतो.

नळी नळीला भिडते तिथे
माशाच्या तोंडासारखी खाच घासायची, कानशीने.
उजेडाला धरायची. फट दिसली
तर पुन्हा घासायची.
बाबा मागावर तुटला धागा
थुंकी लावून जोडायचे, तसंच काहीसं;
फक्त हे नऊशे अंशांवर.

तरंगिणी उईकेचा डावा पाय
अंगठाभर आखूड.
"दुकानातली सायकल उतारावर मला ढकलते," म्हणाली,
"जणू तिलाच घरी जायची घाई."
डावा क्रँक कापून लहान केला,
आणि फोर्क अर्धा अंश पुढे कलवला.
अर्धा. पोराच्या कंपासपेटीतल्या कोनमापकावर
तो दिसतही नाही.

काल सेमिनरी हिल्सवरून उतरून
थेट शेडवर आली,
गुडघ्यांवर मुरमाची धूळ.
सायकलबद्दल काहीच बोलली नाही.
"भूक लागली बाप्पा," एवढंच.

ती पोहे आणायला गेली तेव्हा
फोर्कच्या सांध्यावरून बोट फिरवलं.
अजून गरम होता.
उन्हानंच असेल.