सव्वीस बोल्ट

वाडी नाक्याच्या मागे, टिनाच्या शेडमध्ये
सहा सिलिंडरचं इंजिन उघडं पडलंय.
मे महिना. पाना हातात धरायचा तर
आधी ओल्या फडक्यात गुंडाळावा लागतो.
गजभिये मास्तर कूलरमध्ये पाणी टाकून येतात,
म्हणतात, "चाल पोरी. हेड बसवू."

पहिल्याच महिन्यात मी एक बोल्ट तोडला होता.
पान्याला लांब पाइप घातला होता,
दोन्ही पाय रोवले होते,
पोरगी म्हणून हसणाऱ्या क्लीनरला
काहीतरी दाखवायचं होतं.
आधी तो जड झाला. मग, अचानक, हलका.
त्या हलकेपणाचं भय
अजून माझ्या मनगटात आहे.
मास्तर रागावले नाहीत.
आत राहिलेला तुकडा काढायला दीड दिवस लावला मला,
आणि मग एवढंच:
"काहून वं, इंजिनाशी भांडन होतं का तुयं?"

आता मी आटे आधी बोटाने वाचते.
तारेच्या ब्रशने घासते, हवा मारते,
आंधळ्या भोकात फडक्याचं टोक घालून बघते
तळाशी तेल साठलंय का.
गेल्या पोळ्याला इथेच फसलो होतो आम्ही.
उमरेडच्या कोळशाच्या ट्रकचं इंजिन,
प्रत्येक बोल्टवर पाना टक् बोलला होता,
वहीत सव्वीस खुणा,
आणि आठव्या दिवशी ट्रक परत, दोरीने ओढत,
रेडिएटरमध्ये बुडबुडे.
एका भोकात चमचाभर तेल होतं.
बोल्ट तेलावर टेकला, हेडवर नाही.
पाना खोटं बोलला नव्हता.
त्याला जोर विचारला, त्याने जोर सांगितला.
पकड किती बसली
हे कुणी विचारलंच नव्हतं.

दहा हिस्से जोर लावला तर
नऊ घासण्यातच जातात, मास्तर सांगतात,
थोडे डोक्याखाली, थोडे आट्यांत;
एक हिस्सा पोचतो बोल्टला ताणायला.
"आपल्या पगारावानी,"
आणि स्वतःच हसतात, खोकला येईपर्यंत.

ताण. हा शब्द मी घरून आणलाय.
तांडापेठेत बाबा मागावर बसायचे तेव्हा
नखाच्या पाठीने ताण्याला टिचकी मारत,
मान तिरकी करून ऐकत,
मगच धोटा हलायचा.
लोखंडाला असलं काही नसतं, वाटायचं मला.
पण बोल्टही लांब होतो, केसाहून कमी,
आणि परत आखडायला बघतो.
त्या आखडण्याच्या भरवशावर
अख्खं हेड बसून राहतं, खाली स्फोट चालू असताना.

सुरुवात मधून. मग तिरपा, मग समोरचा,
गोगलगाईच्या पाठीसारखं बाहेर बाहेर.
पहिला फेरा पन्नासवर.
दुसरा नव्वद.
घाम डोळ्यात जातो, पुसायला थांबायचं,
हिसका नाही द्यायचा.
तिसरा एकशे तीस. टक्.
एकदा बोलला की सोडायचा,
खात्रीसाठी दुसरा टक् मागायचा नाही.
"अजून थोडा कसून टाका ना, ताई,"
ड्रायव्हर म्हणतो. त्याला घाट उतरायचे आहेत.
"थोडा म्हणजे किती, ते सांग."
तो बिडी शोधू लागतो.

संध्याकाळी प्रत्येक डोक्यावर
पिवळ्या रंगाची एकेक रेघ.
मास्तर मूठ उलटी फिरवत
पाना सर्वांत खालच्या आकड्यावर आणतात,
पेटीत निजवतात.
स्प्रिंग रात्रभर ताणात राहिली
की उद्या चुकीचं सांगते.
बाबाही उठताना आधी ताणा सैल करत,
मग दिवा.

माग गेला. आता ते एका लॉनवर
रात्रपाळीचे चौकीदार आहेत,
डबा मी नेऊन देते.
लोकांच्या लग्नाच्या उजेडात बसून विचारतात,
आज काय केलं.
सव्वीस बोल्ट आवळले.
"दिवसभर?"
दिवसभर.
तीन तीन दिवस ताणा जोडत बसलेला माणूस
पोळीचा तुकडा मोडतो,
मान हलवतो.