चौथं अंजीर

काब्रासच्या तळ्यावर आज वारा पडलेला.
अकरावा आठवडा. नर्सने नाव दोनदा विचारलं,
बोनारिया पिन्ना,
आणि कागद पालथा ठेवला टेबलावर.
"तुम्ही थॅलसेमियाच्या वाहक आहात. घाबरू नका.
आता नवऱ्याचं रक्त बघू."

वाहक.
इतकी वर्षं काहीतरी वाहत होते
आणि पाठीला पत्ताच नाही.

गाविनोला सुईची भीती.
बोईंनी भरलेलं जाळं एकट्याने ओढणारा माणूस
बाही वर करताना पांढराफटक.
"माझ्या रक्ताला काय धाड भरलीय?" म्हणाला.
मग बऱ्याच वेळाने, बुटांकडे बघत,
"बाबांना एक धाकटा भाऊ होता म्हणे.
फोटो नाही त्याचा."

इथे पूर्वी दलदल होती, डॉक्टरीणबाई सांगतात,
हिवतापात हेच रक्त तगवायचं माणसांना.
असेल.
आमची माणसं तगली,
उधारी माझ्या वहीत आली.

गुरुवारपर्यंत थांबायचं.
दोघंही निघालो तर चारात एक, एवढंच लक्षात राहिलं.
बाजारातून अंजिरं आणली. चार.
तीन खाल्ली ओट्याशी उभ्यानंच,
चौथं बशीत ठेवून दिलं,
त्याच्याकडे पाठ करून भांडी घासली.

रात्री गाविनो आला, माशांच्या वासाचा,
कोपरावर अजून तो कापूस.
न विचारताच उचलून खाल्लंन्.
"गोड आहे गं," म्हणाला.
"अजून नाहीत?"