ई कडे

वडगावात आमच्या खोलीच्या उजव्या भिंतीपलीकडं
चार पावरलूम. खटाक्-खट, खटाक्-खट,
सकाळी सातापासून लाइट जाईपर्यंत.

सात आठवड्यांचं बाळ
तिकडंच बघालंय.
पितानाही डोळे भिंतीला,
झोपेतही उजवाच गाल खाली.

फोनमधलं अ‍ॅप रोज विचारतं,
आज मान कुठल्या बाजूला जास्त?
मी दाबते, उजवी.
उजवी.
उजवी.
नवव्या दिवशी पिवळं वर्तुळ आलं:
निजवताना डोकं पायथ्याकडं करा,
डावीकडून बोला,
जागं असताना थोडा थोडा वेळ पालथं घाला, जवळ बसून.
मान वळतच नसेल तर डॉक्टरांना दाखवा.

सासूबाई म्हणाल्या,
"फोन कधी बाळंत झालता काय गे?"
आणि मोहरीची उशी काढली,
जिच्यावर ह्यांचं डोकं गोल झालं.
अ‍ॅपला उशी चालत नाही.
मी ती घेतली, डोळ्यांना लावली, कपाटावर ठेवली.
मान सगळ्यांचाच सांभाळायचा.

चटईवर पालथं घातलं की
बाळ नाक घासतं, लाल होतं, रागावतं.
दोन मिनिटं म्हणजे किती लांब
ते मला कळालं.

"इकडं बघ, इकडं," चार दिवस
मी डावीकडून घसा कोरडा केला.

पाचव्या दिवशी दुपारी नीलव्वा आली,
पलीकडं कांड्या भरते ती.
मराठी तिला बाजारापुरती,
मला कानडी तेवढीच.
चटईच्या डाव्या अंगाला फतकल मारून
रिकामी कांडी फरशीवर वाजवली:
"ई कडे नोडु, कूसा, ई कडे."

ई कडे.
माझाच तर शब्द,
जरा तोडून, जरा ओढून म्हटलेला.

हनुवटी हलली.
दोन बोटं, जास्त नाही.
मग एक डोळा आला. मग दुसरा.
नीलव्वा हसली तेव्हा
तिच्या नथीकडं बघत राहिलं.

संध्याकाळी पहिल्यांदा 'डावी' दाबलं.
कुणी हाक मारली ते लिहायला
तिथं जागा नव्हती.

रात्री लाइट गेली, माग थांबले,
हे घरी आले, केसांत सुताची पिसं.
बाळानं आवाज नसलेल्या भिंतीकडं
मान फिरवली आणि थांबलं,
शोधत.

तेव्हा कुठं ध्यानात आलं
इतके दिवस ते काय ऐकत होतं.
मी म्हटलं, अहो,
आजपासून तुम्ही डावीकडं झोपा.