साडेचौदा गुंजा

उद्यमनगरात दोन लेथच्या मधल्या बोळात
दस्तगीर शिकलगारांचं दुकान.
पाटी नाही. शटर अर्धंच वर.
मी वाकून आत गेले,
बेडशीटमध्ये गुंडाळलेलं टर्नटेबल घेऊन,
पुण्यापासून एस.टी.त मांडीवर धरलेलं,
आणि म्हणाले, "चाचा, आलो."

बावीस वर्षं तिकडं आले-गेले करत काढली.
इथं उंबऱ्यावरच जीभ घसरली.

"काय हुतंय त्याला?"
उजव्या स्पीकरात 'स' फाटतो.
बाकी आवाज स्वच्छ, पण 'स' आला
की कुणी मांजरपाट टरकावल्यासारखा.
"शेवटच्या गाण्यात जास्त?"
जास्त.
"मग येडंवाकडं बसलंय," म्हणाले,
आणि चष्म्यावर दुसरा चष्मा चढवला.

शिकलगार म्हणजे धारवाले.
पणज्यानं तलवारी पाजळल्या, आज्यानं अडकित्ते,
बापानं शेजारच्या लेथची हत्यारं.
यांच्या वाट्याला ही हिऱ्याची कणी आली,
जिला धार लावायची नाही,
नुसतं सरळ उभं करायचं.

गुजरीतून आणलेला सोनाराचा काटा.
शेजारी डिजिटल काटाही आहे, सेल संपलेला.
"पावणेदोन ग्रॅम दाब. आमच्या मापात साडेचौदा गुंजा."
अर्ध्या गुंजेसाठी त्यांनी एक बी
कानशीवर घासून ठेवली होती. लाल, अर्धवट.

मग आरशाचा तुकडा, त्यावर सुईनं ओढलेल्या रेघा,
मधल्या खिळ्यापासून सहासष्ट मिलिमीटरवर एक टिंब,
एकशे एकवीसवर दुसरं.
"सगळ्या तबकडीवर दोनच जागी सुई बिनचूक असती.
बाकी वाटंला तिरकीच. थोडी."
फक्त दोन?
"दोन लई झाली."

स्क्रू त्यांच्या बोटांत येईना.
गेल्या उरुसापासून हात थरथरतोय, माझ्याकडं न बघता म्हणाले,
आणि स्क्रूड्रायव्हर माझ्यापुढं धरला,
तोही थरथरत.
"तू फिरव. मी बघतो."

फिरवलं. केसभर पुढं.
"लई." केसभर मागं.
शेजारी कुणी बिडावर टूल लावलं,
दातांत कळ गेली,
आरशातली सुई आणि आरशावरची सुई
टोकाला टोक लावून उभ्या राहिल्या.
"हां. आता श्वास सोड."

राहिला दोरा. त्याच्या टोकाला शिशाचा मणी.
"ह्यो हात आतच ओढतो बघ, खिळ्याकडं.
कुणी ओढत न्हाई, तरी.
म्हणून भायेर धरायला ह्यो मणी."
त्यांच्याकडं एक तबकडी होती,
एका अंगाला काहीच न कोरलेली,
काळी, विहिरीतल्या पाण्यासारखी.
तिच्यावर सुई ठेवली तर सरळ आत निघाली.
मणी एक घर सरकवला. दोन. तीन.
हात जागच्या जागी थांबला, तबकडी फिरतेय आणि तो स्थिर.
थांबला! मी ओरडलेच.

"न्हाई. लई झालं. एक घर मागं घे."
पण आत सरकतोय की.
"सरकू दे. हळू.
खाच मिळाली की वाट धरील त्यो.
मोकळ्यावर अगदी थांबवलास,
तर खाचंत दुसऱ्या भिंतीला घासत बसंल."

मग माझी रेकॉर्ड लावली, मागच्या अंगाचं शेवटचं गाणं.
'स' आला. अख्खा.
पुढचा आला. तोही.
शेवटच्या कडव्यात एकदाच
काहीतरी खरखरलं, किती बारीक,
त्यांनी ऐकलं, मी ऐकलं,
दोघांनीही चहाकडं बघितलं.

किती द्यायचे?
"पन्नास. आणि पोराला अजून दोन च्या सांग."

शटरखालून वाकताना त्यांनी विचारलं,
"परत कवा जायाचं पुण्याला?"
तिकीट पर्समध्ये होतं, सोमवारचं.
आत ती कोरी तबकडी अजून फिरत होती.
"बघतो," म्हणालो.